जुन्या विमानातले नवे पॅनल : प्रस्तावना

विमान चालवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ज्या पत्र्यावर वेग, उंची, दिशा आणि इंजिनाची स्थिती दाखवणारी उपकरणे बसवलेली असतात, त्याला इन्स्ट्रुमेंट पॅनल म्हणतात. हँगरमध्ये काम करणारी माणसे त्याचा उल्लेख नुसता ‘पॅनल’ असा करतात आणि या पुस्तकातही तोच शब्द स्वीकारला आहे. चाळीस, पन्नास किंवा साठ वर्षे वयाच्या हलक्या विमानाचे पॅनल बदलणे हे वरवर पाहता चार स्क्रू काढून दुसरे उपकरण बसवण्याचे, म्हणजे निव्वळ यांत्रिकाचे काम वाटते. परंतु कायद्याच्या दृष्टीने तो विमानाच्या मान्य आराखड्यात केलेला बदल असतो, आणि त्या बदलाला मान्यता मिळाल्याखेरीज विमानाची उड्डाणयोग्यता, म्हणजे ते सुरक्षितपणे उडण्यास पात्र असल्याची अधिकृत स्थिती, टिकून राहत नाही. ही मान्यता नेमकी कशाला दिली जाते, कोण देते आणि ती मागण्यापूर्वी कोणकोणत्या गोष्टी सिद्ध कराव्या लागतात, हा या पुस्तकाचा विषय आहे.

हा विषय खानदेशाच्या संदर्भात मांडण्याला कारण आहे. जुहू येथे १९२८ मध्ये सुरू झालेल्या बॉम्बे फ्लाइंग क्लबने मुंबईच्या आकाशातील गर्दी वाढल्यानंतर आपले उड्डाण-प्रशिक्षण धुळ्याजवळच्या गोंदूर येथील धावपट्टीवर आणले. शिरपूरजवळच्या धावपट्टीवरही वैमानिक घडवले जाऊ लागले. आणि २०१२ मध्ये नव्या स्वरूपात खुल्या झालेल्या जळगाव विमानतळाची निवड भारतीय विमानतळ प्राधिकरणाने २०२१ मध्ये प्रशिक्षण संस्थांसाठी ठरवलेल्या देशातील पहिल्या पाच विमानतळांत केली. बेळगाव, कलबुर्गी, खजुराहो आणि लीलाबारी ही उरलेली चार नावे पाहिली की कमी वाहतूक आणि मोकळे आकाश हा निवडीचा निकष सहज ध्यानात येतो. उत्तरेला सातपुडा, मध्ये तापीचे सपाट खोरे, आणि पावसाळा सोडला तर बहुतेक दिवस लांबवर दिसणारी जमीन, ही शिकाऊ वैमानिकासाठी फार मोठी सोय आहे. मात्र प्रशिक्षणाच्या जगात विमाने लवकर निवृत्त होत नाहीत. जगभरच्या क्लबांचा आधार ठरलेल्या सेसना १५२ या दोन आसनी विमानाचे उत्पादन १९८५ मध्येच थांबले, त्यामुळे आज उडणारे असे कोणतेही विमान चाळिशीच्या पुढचेच असते. अशा विमानाचा सांगाडा आणि इंजिन नेमाने केलेल्या देखभालीवर सुस्थितीत राहू शकते. आधी थकते ते पॅनल.

मराठी वाचकाला या इतिहासात एक जवळचे नाव भेटते. कोल्हापूर परिसरातील हसूर या गावी १९०८ मध्ये जन्मलेले डॉ. विष्णू माधव घाटगे यांनी जर्मनीतील गटिंगेन येथे लुडविग प्रांटल यांच्या मार्गदर्शनाखाली वायुगतिशास्त्रात डॉक्टरेट मिळवली आणि पुढे बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये भारतीय विमान-आराखड्याची घडी बसवली. १९५१ मध्ये उडालेले एचटी-२ हे प्रशिक्षण विमान आणि १९५८ मध्ये उडालेले पुष्पक ही दोन्ही त्यांच्या नेतृत्वाखाली साकारलेली कामे होत. अमेरिकेच्या एरोंका चीफ या विमानाशी नाते सांगणारे, पोलादी नळ्यांच्या सांगाड्यावर कापड ताणून बनवलेले, ९० अश्वशक्तीच्या कॉन्टिनेंटल इंजिनावर चालणारे पुष्पक खास भारतीय फ्लाइंग क्लबांसाठी होते, आणि दीडशेच्या आसपास तयार झालेल्या पुष्पकांवर देशातील वैमानिकांच्या एका मोठ्या पिढीने हात बसवला. पुष्पकाचे पॅनल मोजक्या उपकरणांचे होते, कारण ते दृश्य-उड्डाणासाठी, म्हणजे जमीन आणि क्षितिज डोळ्यांनी पाहत करायच्या उड्डाणासाठी आखलेले होते. त्या साधेपणाला त्या काळचे प्रमाणपत्र होते, आणि जुन्या विमानाच्या बाबतीत सर्वाधिक गैरसमज याच मुद्द्यावर होतात.

कोणत्याही विमान-प्रकाराला बाजारात येण्यापूर्वी टाइप सर्टिफिकेट, म्हणजे त्या प्रकाराचा आराखडा सुरक्षिततेच्या नियमांत बसतो असे प्रमाणपत्र, घ्यावे लागते, आणि ते ज्या नियमावलीनुसार दिले गेले ती नियमावली त्या प्रकाराला कायमची चिकटते. सेसना १७२ ची मूळ मान्यता १९५० च्या दशकातील आहे आणि ती अमेरिकेच्या तेव्हाच्या नागरी हवाई नियमांच्या तिसऱ्या भागानुसार दिलेली आहे. नंतर नियम अनेकदा बदलले, तरी जुने विमान आपल्या जन्मकाळच्या नियमांवर कायदेशीरपणे उडत राहते. पॅनल बदलताना मात्र दोन काळ एकमेकांना भिडतात. विमान जुन्या नियमांचे असते, बसवायचे उपकरण नव्या मानकांवर तयार झालेले असते, आणि परवानगी मागणाऱ्याला दोहोंचा मेळ कागदावर आणि पत्र्यावर घालून दाखवावा लागतो. म्हणूनच उपकरण स्वतः कितीही उत्तम आणि प्रमाणित असले, तरी एवढ्याने काम भागत नाही. उपकरणाला मिळालेली तांत्रिक मान्यता ते उपकरण चांगले आहे एवढेच सांगते. ते या विशिष्ट विमानात, या विशिष्ट जागी, या विशिष्ट तारा-नळ्यांना जोडून बसवणे योग्य आहे, हे वेगळे सिद्ध करावे लागते. या पुस्तकाचे मुख्य प्रतिपादन हेच आहे की पॅनलच्या परवानगीत उपकरणापेक्षा त्याची बसवणूक अधिक तपासली जाते, आणि अर्ज रखडतात ते बहुधा हा फरक न उमगल्यामुळे.

भारतात हा अधिकार नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, म्हणजे डीजीसीएचा आहे. १९३४ च्या विमान कायद्याची जागा १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ ने घेतली असली, तरी जुन्या कायद्याखालील नियम पुढे चालू ठेवण्याची तरतूद त्यात आहे. १९३७ च्या विमान नियमांपैकी ५२ वा नियम बदल आणि दुरुस्ती यांविषयी आहे, आणि उड्डाणयोग्यता प्रमाणपत्र असलेल्या विमानात सुरक्षिततेवर परिणाम करणारा कोणताही बदल मान्यतेशिवाय करता येणार नाही हे त्याचे सार आहे. ५७ वा नियम विमानात कोणती उपकरणे असायलाच हवीत या बाजूने त्याच प्रश्नाकडे पाहतो. या दोन नियमांच्या मधली वाट कार-२१ या नियमावलीने आखलेली आहे. तिच्यानुसार ज्या बदलाचा विमानाचे वजन, समतोल, बळकटी, विश्वासार्हता किंवा उड्डाणगुण यांवर लक्षणीय परिणाम होत नाही तो किरकोळ, आणि उरलेला प्रत्येक बदल मोठा होय. मोठा बदल मूळ उत्पादकाखेरीज अन्य कोणी आखला असेल, तर त्यासाठी पूरक टाइप सर्टिफिकेट लागते. परदेशात दिलेले असे प्रमाणपत्र भारतीय नोंदणीच्या विमानावर वापरताना ते डीजीसीएला मान्य असणे आवश्यक असते, आणि त्या प्रमाणपत्राच्या यादीत आपल्या विमानाचे नेमके मॉडेल आहे की नाही हे अर्जदाराने सर्वांत आधी पाहावे. एकाच नावाच्या विमानाची अक्षरागणिक वेगळी मॉडेले असतात, आणि अशी यादी ठरावीक मॉडेलांपुरतीच बोलते.

एक उदाहरण तपशिलात घेतले म्हणजे ‘परिणाम’ हा शब्द किती दूरवर पोचतो ते कळते. जुन्या सेसनाच्या पॅनलमध्ये मधोमध आर्टिफिशियल होरायझन, म्हणजे ढगात किंवा धुळीत क्षितिज दिसेनासे झाले तरी विमान सरळ आहे की कललेले हे दाखवणारे उपकरण असते. त्याच्या आत वेगाने फिरणारे चक्र, म्हणजे गायरो असतो आणि तो इंजिनावरच्या व्हॅक्यूम पंपाने ओढलेल्या हवेच्या झोतावर फिरतो. या ओढीचा दाब पाऱ्याच्या सुमारे ५ इंचांइतका असावा लागतो. पंपाच्या आतील कार्बनची पाती झिजतात आणि पुष्कळदा पूर्वसूचना न देता मोडतात, म्हणून मालकाला तिथे इलेक्ट्रॉनिक उपकरण हवे असते. २०१६ मध्ये अमेरिकेत डायनॉन आणि गार्मिन या कंपन्यांची तुलनेने स्वस्त डिजिटल उपकरणे अशा जुन्या विमानांसाठी पूरक प्रमाणपत्रासह उपलब्ध झाली आणि हा मार्ग प्रत्यक्ष आवाक्यात आला. नवे उपकरण जुन्याच सव्वातीन इंचांना थोड्या कमी, म्हणजे ३⅛ इंची गोल भोकात बसते, त्यामुळे पत्रा कापावा लागत नाही. पण व्हॅक्यूम पंप काढला की इंजिनावरची ती जागा मान्य झाकणाने बंद करावी लागते, पंप, नळ्या आणि गाळणी यांचे वजन विमानाच्या पुढच्या भागातून वजा होते, आणि त्यामुळे गुरुत्वमध्य किंचित मागे सरकतो. हवेवर चालणारे उपकरण विजेवर आले की जनरेटर आणि बॅटरीवरचा भार नव्याने मोजावा लागतो. विमानाची वीज १४ व्होल्टची की २८ व्होल्टची, जमिनीवर मंद गतीने चालताना जुना जनरेटर पुरेशी वीज देतो का, आणि तो उड्डाणात बंद पडला तर बॅटरी किती वेळ साथ देईल, या प्रश्नांची लेखी उत्तरे विद्युत-भाराच्या पत्रकात द्यावी लागतात. एका गोल भोकातून सुरू झालेला बदल असा अर्ध्या विमानातून फिरून येतो.

यापेक्षाही बारीक गोष्टी अपघाताला निमंत्रण देऊ शकतात. अमेरिकेत बनलेल्या जुन्या अल्टिमीटरवर, म्हणजे उंचीमापकावर, दाब लावण्याची छोटी खिडकी पाऱ्याच्या इंचांत आखलेली असते, तर भारतातील हवाई वाहतूक नियंत्रक दाब हेक्टोपास्कलमध्ये सांगतात. २९·९२ इंच आणि १०१३·२ हेक्टोपास्कल हे एकाच दाबाचे दोन आकडे होत, आणि एका हेक्टोपास्कलची चूक जमिनीलगत सुमारे २७ ते ३० फुटांची चूक ठरते. तसेच १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या अनेक लहान अमेरिकी विमानांचे वेगमापक मैलांत आहेत आणि त्यांची माहितीपुस्तिकाही मैलांत बोलते. अशा विमानात नॉटमध्ये आखलेला नवा वेगमापक बसवला, की त्यावरील पांढरा, हिरवा आणि पिवळा पट्टा व लाल रेष यांची जागा नव्याने ठरवावी लागते आणि पुस्तिकेला जोडपत्र द्यावे लागते. पांढरा पट्टा फ्लॅप उघडून उडण्याचा वेग दाखवतो, हिरवा नेहमीच्या वापराचा, पिवळा फक्त शांत हवेतला आणि लाल रेष कधीही न ओलांडण्याचा वेग दाखवते. हे रंग मंजूर मर्यादांचे दृश्य रूप असल्यामुळे ते चुकीच्या जागी असणे म्हणजे खोटी मर्यादा शिकवणे होय.

बसवणूक झाल्यावरच्या दोन चाचण्या प्रत्यक्ष पाहण्यासारख्या असतात. पहिली स्थिर-दाब नळीची. वेग, उंची आणि चढ-उतार दाखवणारी तिन्ही उपकरणे बाहेरच्या हवेचा दाब एकाच नळीतून घेतात, त्यामुळे एक सांधा जरी सैल राहिला तरी तिन्ही खोटे बोलू लागतात. म्हणून त्या नळीत हजार फूट उंचीइतका दाबाचा फरक निर्माण करून ती बंद करतात आणि अल्टिमीटरचा काटा पाहतात. अमेरिकी नियमांनुसार बंदिस्त दाब नसलेल्या विमानात एका मिनिटात १०० फुटांपेक्षा जास्त घसरण चालत नाही. दुसरी चाचणी होकायंत्राची. नव्या उपकरणातील वीज आणि लोखंडी स्क्रू होकायंत्राच्या सुईला ओढतात, म्हणून विमान लोखंडी शेड आणि वाहनांपासून दूर, मोकळ्या जागी उभे करून, इंजिन आणि रेडिओ चालू ठेवून, ठरावीक अंशांनी वळवत प्रत्येक दिशेला सुई किती चुकते ते टिपतात, छोट्या चुंबकांनी ती चूक कमी करतात आणि उरलेली चूक एका लहान कार्डावर लिहून होकायंत्राखाली लावतात. हे कार्ड जुन्या तारखेचे राहिले, तर नवे पॅनल कितीही सुबक दिसले तरी काम अपुरे आहे.

खानदेशाचा उन्हाळा या चर्चेत वेगळा विचार मागतो. समुद्रसपाटीपासून सुमारे ८४० फुटांवर असलेल्या जळगावात पारा ४५ अंशांवर गेला, की हवेची विरळता प्रमाण वातावरणातील साडेचार हजार फुटांवरच्या हवेइतकी होते. विमान उचलायला धावपट्टी जास्त लागते आणि इंजिन लवकर तापते, म्हणून तेलाचे तापमान आणि सिलिंडरच्या डोक्याचे तापमान दाखवणारी उपकरणे इथे मोलाची ठरतात. त्याच वेळी उन्हात उभ्या असलेल्या विमानाच्या बंद काचेआड पॅनलचे तापमान बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी चढते. जुन्या यांत्रिक घड्याळाला, म्हणजे काटा आणि तबकडी असलेल्या उपकरणाला, त्याची विशेष बाधा होत नाही. पडद्याचे उपकरण मात्र ठरावीक तापमानापर्यंतच चालण्याची हमी देते आणि तिरप्या उन्हात वाचायला अवघड जाऊ शकते. थंड हवेच्या देशात तयार झालेल्या बसवणुकीच्या कागदांत पॅनलमागे हवा खेळती ठेवण्याची सूचना असते, ती इथे दुर्लक्षून चालत नाही. मान्यतेच्या अर्जात ही माहिती स्वतंत्रपणे द्यावीच असा नियम नसला, तरी जळगाव-धुळ्यातील अभियंत्याने ती द्यावी, असे या लेखनाचे स्पष्ट मत आहे.

कागदपत्रांचा भाग रूक्ष असला तरी तो थोडक्यात सांगायला हवा. विमानात बसणाऱ्या प्रत्येक उपकरणासोबत ते मान्य कार्यशाळेतून योग्य स्थितीत बाहेर पडल्याचा दाखला लागतो. भारतात त्याला सीए फॉर्म १ म्हणतात. जुने उपकरण दिसायला नवेकोरे असले तरी दाखला नसेल तर ते विमानासाठी नसल्यासारखेच. जुन्या घड्याळांबाबत आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील आणि त्यानंतरच्या काही वर्षांतील अनेक तबकड्यांवरचे अंधारात चमकणारे आकडे रेडियममिश्रित रंगाने रंगवलेले असत. त्यातील चमकणारे द्रव्य काही वर्षांत निकामी होते आणि आकडे विझतात, पण रेडियमचे अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षे असल्याने किरणोत्सर्ग तसाच राहतो. आकडे चमकत नाहीत म्हणून तबकडी निर्धोक आहे असे समजून ती उघडणे, खरवडणे किंवा भंगारात देणे धोक्याचे आहे, आणि अशा वस्तूची विल्हेवाट अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांच्या कक्षेत येते.

नव्या पॅनलने सुरक्षितता आपोआप वाढते का, या प्रश्नाला ठाम उत्तर देण्याचा मोह टाळलेला बरा. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २००२ ते २००६ या काळात बनलेल्या हलक्या विमानांची तुलना केली, तेव्हा पडद्याच्या पॅनलच्या विमानांचे एकूण अपघात कमी पण प्राणघातक अपघातांचे प्रमाण अधिक आढळले, आणि एकंदर सुरक्षिततेत सुधारणा दिसली नाही. विमाने कोणत्या कामासाठी वापरली जातात हा भेद त्यामागे होता, तसाच प्रशिक्षणाचाही होता. १९२९ मध्ये जिमी डूलिटल यांनी बाहेरचे काही न पाहता केवळ उपकरणांवर विमान उडवून उतरवले, तेव्हापासून वैमानिकाची नजर ठरावीक क्रमाने फिरावी यासाठी पॅनलची मांडणी घडत आली आहे: मध्ये क्षितिज, डावीकडे वेग, उजवीकडे उंची, खाली दिशा. उपकरण बदलताना ही मांडणी मोडली तर परवानगीही अवघड होते आणि उड्डाणही.

धुळ्याच्या धावपट्टीने परवानगीच्या या जगाचे दुसरे टोकही पाहिले आहे. कांदिवलीच्या चारकोप भागातील इमारतीच्या गच्चीवर विमान बांधणारे वैमानिक अमोल यादव यांच्या विमानाला २०१७ मध्ये नोंदणी आणि २०१९ मध्ये उड्डाणाची परवानगी मिळाली, आणि २०२० मध्ये त्याच्या चाचण्या धुळ्यात झाल्या. तिथे संपूर्ण विमानच नवे आणि प्रायोगिक असल्यामुळे प्रत्येक गोष्ट मुळापासून सिद्ध करायची होती. जुन्या सेसनाच्या बाबतीत सर्व काही आधीच सिद्ध झालेले असते आणि फक्त बदलाचे उत्तर द्यायचे असते. अनेकांना दुसरे काम सोपे वाटते. प्रायोगिक विमानाच्या उड्डाणांवर कडक बंधने असतात आणि त्याच्या धोक्याची जाणीव सर्वांना असते. क्लबच्या जुन्या विमानात मात्र उद्या सकाळी अठरा वर्षांचा विद्यार्थी एकटा बसणार असतो, म्हणून त्याच्या पॅनलचा प्रश्न कमी गंभीर मानणे योग्य नाही.

जुनी विमाने जपणाऱ्यांचा एक आक्षेप इथे आदराने नोंदवायला हवा. मूळ पॅनल काढले की विमानाचे ऐतिहासिक रूप हरवते, हे खरे आहे, आणि पुष्पकासारख्या भारतीय आराखड्याच्या विमानांपैकी फार थोडी उरलेली असताना त्या आक्षेपाला वजन आहे. यावर व्यवहार्य तोडगा असा, की बदल परत फिरवता येईल अशाच रीतीने आखावा, मूळ पत्रा न कापता शक्य तिथे त्याच भोकांत उपकरणे बसवावीत, आणि काढलेली उपकरणे वापरास अयोग्य अशी चिठ्ठी लावून, विमानाच्या नोंदीशी जोडून ठेवावीत. ज्या विमानातून रोजचे प्रशिक्षण होत नाही त्याचे पॅनल शक्यतो आहे तसे ठेवून त्याची उड्डाणे दृश्य-उड्डाणापुरती मर्यादित करणे हाही पूर्णपणे प्रतिष्ठेचा पर्याय आहे.

शेवटचा मुद्दा असा आहे की डीजीसीएची मान्यता एका विमानापुरती असते, तर विद्यार्थी क्लबमधल्या सगळ्या विमानांत आलटून पालटून बसतो. एकाच धावपट्टीवर एकाच जातीची दोन विमाने, एक जुन्या घड्याळांचे आणि एक पडद्याचे, उभी असतील, तर त्यांची तपासणी-यादी, बिघाड झाल्यावर करायच्या कृती आणि पुस्तिकेचे जोडपत्र वेगळे असते. ते वेगळेपण शिकवण्याची, त्यासाठी काही उड्डाणे प्रशिक्षकासोबत करवून घेण्याची आणि तशी नोंद ठेवण्याची जबाबदारी क्लबच्या मुख्य प्रशिक्षकाची आहे. म्हणून या पुस्तकाची शेवटची दोन प्रकरणे अभियंत्यांपेक्षा प्रशिक्षकांना उद्देशून लिहिलेली आहेत.